मृगया दरबाराची, राखण रयतेची

माळव्याच्या काळ्या रानात सोयाबीनचे कोंब दुपानी झाले, अथवा मार्गशीर्षात हरभऱ्याचे शेंडे खुडण्याजोगे झाले, म्हणजे देवास आणि धार या दोन्ही जिल्ह्यांत काळविटांचे आणि नीलगायींचे कळप शेतांत उतरू लागतात, आणि त्यांच्या मागोमाग, सरकारने एकदाची शिकार खुली करावी, ही जुनी मागणीही पुन्हा कानी येऊ लागते. मागणी करणारे सगळे एका प्रकारचे नसतात. त्यांत थंडीच्या रात्री माळ्यावर बसून डबा बडवणारा, गोफण फिरवणारा आणि तरीही सकाळी तुडवलेले शेत पाहण्याची पाळी ज्याच्यावर येते असा शेतकरी असतो. आजोबांनी टिपलेल्या सांबराचे मुंडके ज्यांच्या दिवाणखान्यात अद्याप धूळ खात आहे आणि संस्थानी अमदानीची आठवण निघाली की ज्यांचा स्वर किंचित सद्गदित होतो, असे जुन्या घराण्यांतील गृहस्थ असतात. आणि अलीकडे त्यांत, नोकरीनिमित्त अमेरिकेच्या पश्चिम भागात राहून आलेल्या, आणि तेथील रॉकी पर्वताच्या कड्याकपारींत म्यूल डिअर नावाच्या लांबकानी हरणाची शिकार साधा कारखान्यातला कामगारही सरकारी परवाना घेऊन राजरोस करतो हे पाहून चकित झालेल्या तरुणांची भर पडली आहे. शेतकऱ्याचे दुःख खरे आहे, याविषयी वादच नाही. परंतु या सर्वांना एका पंगतीस बसवून शिकारीचा परवाना मागण्याने त्याच्या पदरात काही पडेल असे मला वाटत नाही. का वाटत नाही, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण या मुलखात शिकार हा कधीही केवळ जनावराचा प्रश्न नव्हता; तो हक्काचा प्रश्न होता.

मराठी वाचकाला देवास ठाऊक असते ते कुमार गंधर्वांमुळे, आणि धार ठाऊक असते ती भोजराजामुळे. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यात झाला ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांवाचून फारशी कोणाच्या ध्यानात राहत नाही, आणि न राहिल्याने कोणाचे फार नुकसानही होत नाही. या दोन नगरांभोवतीची भूमी मात्र डोळ्यांपुढे आणल्यावाचून पुढचे विवेचन समजणार नाही. उत्तरेकडे सपाट, काळ्या मातीचे, विस्तीर्ण पठार आहे. ते दक्षिणेकडे सरकत सरकत विंध्याच्या काठाशी येते आणि तेथून एकाएकी तुटून नर्मदेच्या खोऱ्यात, निमाडात उतरते. मांडवगड उभा आहे तो या तुटलेल्या काठावरच, मूळ पठारापासून काकडा खोह नावाच्या खोल दरीने अलग झालेल्या एका सुळक्यासारख्या भागावर, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीवर. रूपमतीच्या मंडपात उभे राहिले की खाली धुरकट निमाड पसरलेले दिसते आणि आकाश स्वच्छ असेल तर नर्मदेची रेघही दिसते. देवास जिल्ह्याचीही हीच रचना आहे: खुद्द देवास पठारावर, आणि बागली, कन्नोद, खातेगाव हा दक्षिणेकडील भाग घाट उतरून रेवातीरी जाणारा. काळवीट हे पठाराचे जनावर. त्याला मोकळे माळ, लांबवर पोहोचणारी दृष्टी आणि पळण्याला अंगण हवे. सांबर हे घाटाचे. त्याला साग, सालई, धावडा आणि अंजन यांनी झाकलेले उतार, ओढ्यांच्या थंड घळी आणि माणसाचा पाय सहसा न पडणाऱ्या खोऱ्या हव्यात. शिकार खुली करा असे म्हणणाऱ्यांपैकी शेतकऱ्याच्या मनात पठारावरचे काळवीट आणि नीलगाय असते, तर दिवाणखान्यातल्या गृहस्थाच्या मनात घाटातले सांबर असते, आणि दोघेही एकच शब्द उच्चारत असल्यामुळे आपण एकच गोष्ट मागत आहोत असा त्यांचा समज होतो.

अमेरिकेतील त्या हरणाला आपल्याकडे जोड शोधायची झाली तर ती सांबराचीच होय. दोन्ही जनावरे डोंगराची. दोन्हींचे कान मोठे आणि श्रवण विलक्षण तिखट. दोन्हींच्या नरांची शिंगे दरसाल गळून पडतात आणि मखमली कातड्याखाली पुन्हा वाढतात. मात्र सांबर देहाने कितीतरी थोर. पूर्ण वाढलेला नर अडीचशे किलोच्याही वर भरतो, तर म्यूल डिअरचा नर शंभराच्या आसपास. स्वभावातही अंतर आहे. पाश्चात्त्य शिकारी पहाटे उंच धारेवर चढून बसतो, समोरच्या उघड्याबोडक्या उतारावर तासन् तास दुर्बीण फिरवतो, आणि जनावर दिसले की दुरूनच नेम धरतो. विंध्यात हा प्रकार साधणारा नव्हता, कारण सांबर दिवसा उघड्यावर येतच नाही. ऊन चढण्यापूर्वीच ते उतारावरच्या दाट झाडीत शिरते, आपल्याच वाटेकडे तोंड करून रवंथ करीत बसते, आणि तिन्हीसांजा झाल्यावर पाण्याकडे अथवा खालच्या पिकाकडे उतरते. वाऱ्याची झुळूक फिरली आणि माणसाचा वास तिच्यावरून गेला, की मादी पाय आपटून ढांक असा एक ठसठशीत आवाज काढते, तो दरीच्या दोन्ही अंगांना आदळून परत येतो, आणि त्या खोऱ्यातली त्या दिवसाची शिकार तेथेच संपते.

म्हणून त्या काळी सांबर साधायचे दोनच मार्ग होते. पहिला पायी माग काढण्याचा. त्यासाठी दगडावर खुराने उडालेला शेवाळाचा कपचा ओळखता यावा, नराने शिंगे घासून सोललेल्या सालीचा ओलावा बोटाने तपासून तो आजचा की कालचा हे सांगता यावे, लेंडी फोडून जनावर कोणत्या झाडाखाली चरले ते उमजावे. आणि हे ज्ञान बंदूक खांद्यावर टाकलेल्या साहेबाजवळ अथवा सरदाराजवळ सहसा नसे. ते असे पुढे चालणाऱ्या भिल्ल अथवा भिलाला पाग्याजवळ, म्हणजे माग काढणाऱ्याजवळ, ज्याच्या हातात फार तर तीरकामठा असे. दुसरा मार्ग हाक्याचा. डोंगराच्या एका अंगाला मचाणे बांधायची, दुसऱ्या अंगाने शेपन्नास माणसांनी ढोल, थाळ्या आणि आरोळ्या यांनी रान उठवीत यायचे, आणि मधल्या घळीतून जीव घेऊन पळणारे जे जनावर मचाणापुढून जाईल त्यावर बार काढायचा. संस्थानी शिकारीचे जे फोटो आज राजवाड्यांतून आणि जुन्या घरांतून लटकलेले दिसतात, त्यांतील बहुतेक या दुसऱ्या मार्गाचे फलित आहेत. फोटोत सावज दिसते, बंदूक दिसते, आणि तिच्यावर हात ठेवून उभे राहिलेले महाशय दिसतात. हाक्याची माणसे चौकटीच्या बाहेर असतात, किंवा असलीच तर मागे, उन्हात डोळे बारीक केलेली, अर्धवट पुसट.

हा चौकटीबाहेरचा माणूस नवा नाही. मांडवात तो चारशे वर्षांपूर्वीही होता. १६१७ सालच्या वसंतापासून शरदापर्यंत जहांगीर बादशहा मांडवगडावर मुक्कामास होता, आणि त्याने स्वतःच्या रोजनिशीत त्या मुक्कामात एक हिशेब नमूद केला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्या समक्ष किती जनावरे शिकारीत पडली, याची मोजदाद त्याने चिटणिसांकडून करवून घेतली, तेव्हा ती २८,५३२ भरली आणि त्यांपैकी १७,१६७ खुद्द त्याच्या हातची निघाली. त्यांत ८८९ नीलगायी होत्या, आणि बाकीच्यांत पाखरांचाच भरणा मोठा होता. याच मुक्कामात नूरजहानने सहा गोळ्यांत चार वाघ पाडले आणि बादशहाने तिच्यावरून हजार अश्रफी उधळल्या, हेही त्याच रोजनिशीत आहे. आकडे पाहून छाती दडपते खरी. परंतु मला त्याहून अधिक बोलकी वाटते ती त्याच वेळी मांडवात असलेल्या इंग्रज वकील सर टॉमस रो याची लहानशी हकीकत. रोच्या बिऱ्हाडाभोवती रात्री सिंह आणि लांडगा घिरट्या घालीत, त्यांनी त्याची शेळीमेंढी पळवली, आणि एके रात्री अंगावर भुंकत गेलेले त्याचे एक छोटे पांढरे कुत्रेही सिंहाने उचलून नेले. तेव्हा या वकिलाला, ज्याच्याजवळ बंदुका होत्या आणि ती चालवणारी माणसेही होती, सिंह मारण्याची इजाजत मागण्यासाठी दरबाराकडे माणूस धाडावा लागला, कारण सिंहाला हात लावण्याचा अधिकार बादशहावाचून कोणालाच नव्हता. इंग्लंडच्या राजाच्या प्रतिनिधीची ही कथा, तर मांडवाशेजारच्या नालछ्याच्या कुणब्याची काय असेल याची कल्पना करावी.

शास्त्रकारांनीही या प्रश्नाचा खल केलेला आहे आणि त्यांचे एकमत झालेले नाही. मनूने राजाच्या कामज व्यसनांत मृगयेला पहिला मान दिला आणि अत्यंत घातक अशा चौकडीतही ती घातली. उलट कौटिल्याने, द्यूतापेक्षा मृगया बरी, तिने मेद झडतो, घाम निघतो, चल आणि अचल लक्ष्यावर नेम बसतो आणि प्राण्यांचे चित्त कळते, असा व्यवहारी निकाल दिला. शाकुंतलातला सेनापती हाच निकाल राजापुढे रंगवून सांगतो, आणि राजाचे मन दुसरीकडे गुंतलेले असल्यामुळे तो सगळा वाया जातो. परंतु या सर्व चर्चेत मृगया ही राजाच्या प्रकृतीस हितकर की अहितकर एवढाच विचार आहे. ज्याच्या जवातून राजाचा रथ गेला त्याच्या प्रकृतीचा विचार तीत मला कोठे आढळला नाही.

मराठे माळव्यात आले आणि १७२८ च्या नोव्हेंबरात अमझेऱ्यापाशी चिमाजी अप्पांनी मोगल सुभेदार गिरधर बहादुराला पाडल्यानंतर हा मुलूख हळूहळू पवार, होळकर आणि शिंदे यांच्यात वाटला गेला. पवारांच्या वाट्याला धार आणि देवास आले, आणि देवासात तर दोघा भावांनी थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्ये मांडली, ज्यांची नवलाई पुढे थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस झालेल्या इ. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९५३ साली पुस्तकरूपाने जगापुढे आणली. राज्ये बदलली; शिकारीचा शिरस्ता बदलला नाही. पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना ठेवला. देवासच्या थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव १९४७ साली ज्या कोल्हापूरच्या गादीवर छत्रपती शहाजी म्हणून बसले, त्या कोल्हापुरात चित्तेवानांची एक स्वतंत्र परंपराच होती: बैलगाडीवर डोळे बांधून नेलेला चित्ता काळविटांच्या कळपाजवळ सोडायचा आणि त्याच्या त्या क्षणिक झेपेकडे पाहत राहायचे. मध्य भारतातील बहुतेक संस्थानांत उत्तम रान दरबारासाठी राखलेले असे, आणि तेथे आगंतुकाने बार काढला तर तो गुन्हा ठरे. या राखणीने रान टिकले, हे प्रामाणिकपणे मान्य केलेच पाहिजे. आज जी अभयारण्ये आपण मिरवतो त्यांतील अनेकांचे मूळ अशाच राखीव शिकारगाहांत आहे. परंतु त्या राखणीचा कर कोणी भरला? राखीव रानातून रात्री बाहेर पडून पीक खाणाऱ्या सांबराला हात लावायचा नाही, उलट महाराजांची स्वारी आली की वेठीने अथवा नाममात्र मजुरीवर हाक्याला जायचे, अशा दुहेरी बोज्याखाली भिल्लांच्या पाड्यांनी आणि कुणब्यांच्या वाड्यांनी तो भरला. आणि ज्या पारध्यांचा उदरनिर्वाहच फासे लावण्यावर होता, जे शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने सरकत सरकत काळविटांच्या कळपापर्यंत पोहोचत, त्या पारध्यांना इंग्रजी अंमलाने १८७१ च्या कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरवले. एकाच काळविटाचा पाठलाग एकासाठी क्षात्रधर्म आणि दुसऱ्यासाठी फौजदारी, अशी ही वाटणी होती.

पुढचा इतिहास लवकर आटोपतो. १९४८ च्या मे महिन्यात मध्यभारत संघ झाला, संस्थाने विलीन झाली, दरबारचे पहारे उठले, आणि त्या रानांचा धनी कोण हे ठरण्यापूर्वीच जीपगाडी आणि प्रखर दिवे घेऊन निघालेल्या मंडळींनी रातोरात ती रिकामी करीत आणली. हे पाप राजांचे नव्हते. ते कंत्राटदारांचे, अंमलदारांचे आणि बंदुकीचा परवाना नव्याने हाती आलेल्या सुखवस्तू लोकांचे होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले शिकार परवानेही बंद झाले, आणि तोपर्यंत विंध्याच्या कित्येक खोऱ्यांतली ढांक ही हाक थांबली होती.

आता अमेरिकेचा युक्तिवाद. तो असा की, तेथे शिकार बंद करून नव्हे तर चालू ठेवून जनावरे वाढवली. यात तथ्य आहे. एकोणिसाव्या शतकात कातड्यामांसाच्या बाजारासाठी तेथली हरणे अशी कापली गेली की ती नामशेष होतात की काय असे वाटू लागले होते. १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट आदिकरून शिकाऱ्यांनीच बून अँड क्रॉकेट क्लब काढून नियमांचा आग्रह धरला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसे यांवरील अकरा टक्के कर वन्यजीवांच्या कामी बांधून दिला. आज कोणत्या खोऱ्यातून किती नर मारावयाचे हे गणती करून ठरते, परवान्यांची सोडत निघते, आणि हौशी माणूस त्या सोडतीत नाव निघण्याची वर्षानुवर्षे वाट पाहतो. गणती तरी किती बारकाईची! वायोमिंग राज्यातील म्यूल डिअरचा एक कळप हिवाळी रानातून उन्हाळी डोंगरात जाताना सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालतो, हे तेथील संशोधकांनी जनावरांच्या गळ्यात यंत्रे बांधून २०१४ साली उजेडात आणले.

ही व्यवस्था उचलून विंध्यात आणावी म्हणणाऱ्यांनी दोनच आकडे शेजारी ठेवून पाहावेत. वायोमिंगचा विस्तार अडीच लाख चौरस किलोमीटरांहून अधिक आणि वस्ती सहा लाखांच्या आत. आपला एकटा धार जिल्हा त्याच्या एकतिसाव्या हिश्शाएवढा, ८,१५३ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या खानेसुमारीत त्याची वस्ती २१ लाख ८५ हजारांवर. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत निम्म्याच्या आसपास जमीन संघसरकारची आहे, तीत मैलोगणती माणूस भेटत नाही, आणि चुकलेली गोळी खडकावर जाऊन आदळते. धारच्या घाटात ती कोणाच्या तरी पाड्यात जाईल. पण हे भौगोलिक अंतरही मी दुय्यम मानतो. मुख्य अडचण अशी की, परवान्याची शिकार ही पैसेवाल्याची शिकार असते, आणि पैसेवाल्याला हवे असते मोठ्या शिंगांचे सांबर, हरभरा खाणारी नीलगायीची मादी नव्हे. त्याला नको असलेले जनावर शेतात राहील, हवे असलेले डोंगरातून जाईल, फी सरकारच्या तिजोरीत पडेल, आणि शेतकरी पुन्हा माळ्यावर बसून डबा बडवीत राहील. जहांगिराच्या काळापासून चालत आलेली ही वाटणी आहे. परवान्याने ती मोडणार नाही, तिच्यावर फक्त नवा शिक्का बसेल.

यावर कोणी म्हणेल, मग तुम्ही अहिंसावादी झालात काय? मुळीच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याचे अकरावे कलम पाहा. नीलगायीने उभ्या पिकाचा नाश चालवला असेल तर मुख्य वन्यजीव संरक्षकाला अथवा त्याने अधिकार दिलेल्या अंमलदाराला तिला मारण्याची मुभा देता येते. काळवीट मात्र पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे पिकाच्या कारणाने त्याला मारता येत नाही, आणि हे बंधन किती वजनदार आहे हे एका चित्रनटाच्या लांबलेल्या खटल्यामुळे आता पोरासोरांनाही माहीत झाले आहे. म्हणजे जेथे मारणे अपरिहार्य तेथे कायदा आड येत नाही. मात्र ते काम खाटकाच्या अलिप्तपणाने, सरकारी नोकराने, सरकारी जबाबदारीवर, फोटो न काढता आणि मुंडके भिंतीवर न लावता करावयाचे काम आहे. २०१६ च्या जून महिन्यात बिहारमधील मोकामा येथे बाहेरगावचे बंदूकबाज आणून दोनशेहून अधिक नीलगायी पाडण्यात आल्या, तेव्हा केंद्रातील दोन मंत्रीच एकमेकांविरुद्ध जाहीरपणे बोलू लागले, आणि त्या गदारोळात नीलगाय वाईट की चांगली याची चर्चा झाली, शेतकऱ्याची नाही. त्या मानाने शेजारच्या शाजापूर जिल्ह्यात २०२५ च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेतील तज्ज्ञांच्या साहाय्याने जो उपाय झाला तो मला अधिक शहाणपणाचा वाटतो: नरसाळ्यासारखे निमुळते होत जाणारे कुंपण उभारायचे, हेलिकॉप्टरने कळप सावकाश त्यात हाकायचा, आणि पकडलेली काळविटे व नीलगायी गाडीत भरून गांधीसागरासारख्या अभयारण्यांत नेऊन सोडायच्या. शेकडो जनावरे अशी हलवली गेली. हाही हाकाच, शेवटी बार नाही, इतकाच भेद. खर्च मोठा आहे हे कबूल, परंतु संरक्षणाची हौस जर साऱ्या देशाची असेल तर तिचा खर्च एकट्या देवासच्या शेतकऱ्याने का सोसावा?

हौस देशाची आणि भार शेताचा, याचे ठसठशीत उदाहरण धार जिल्ह्यातच आहे. पावसाळ्यात येणाऱ्या खरमोर पक्ष्यासाठी १९८३ साली सरदारपूर येथे ३४८ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य घोषित झाले, आणि त्यातील बहुतेक जमीन लोकांच्या मालकीची असल्यामुळे तिच्या खरेदीविक्रीवर वर्षानुवर्षे निर्बंध आले. पक्षी दुर्मीळच राहिला, आणि त्याच्यावरील लोकांची माया तेवढी आटली. संरक्षणाचा हा प्रकार दरबारच्या राखीव रानाचाच धाकटा भाऊ होय.

घाटातल्या सांबराविषयी माझे मत याहून वेगळे आहे. तेथे जनावर कमी करण्याचा नव्हे, वाढवण्याचा प्रश्न आहे. देवास आणि सीहोर यांच्या सीमेवर खिवनीचे अभयारण्य १९५५ पासून आहे. तेथे सांबर आहे, चितळ आहे, चौशिंगा आहे, आणि बिबट्या तर आहेच. ज्या घाटात सांबर नाही तेथला बिबट्या शेळीवर आणि वासरावर जगतो, आणि मग पाड्यातील माणसे विष घालतात. मध्य प्रदेशाच्या वनखात्याला जनावरे हलवण्याचा अनुभव दांडगा आहे. त्याने २०११ साली कान्ह्यातून बांधवगडात गवे नेले, कान्ह्यातूनच सातपुड्यात बारशिंगे नेले, पेंचचे चितळ ठिकठिकाणी पोहोचवले. तोच हात धारच्या आणि बागलीच्या घाटांकडे वळावा, आणि त्या रानाची राखण करण्यासाठी बाहेरून पदवीधर आणण्यापूर्वी ज्यांच्या आज्यापणज्यांनी सरदारांना माग दाखवला त्या भिल्ल आणि पारधी कुटुंबांतील मुलांना कायम पगारावर घ्यावे. पन्न्याला पारधी तरुण आज पर्यटकांना पायी रान दाखवतात. ती विद्या माळव्यात अद्याप पुरती लोपलेली नाही. व्यंकटेश माडगूळकर बंदूक घेऊन रानात गेले आणि पुढे दुर्बीण व वही घेऊन जाऊ लागले. त्यांना ती ओढ होती आणि फुरसतही होती. माग काढणाऱ्या भिल्लाला त्या बदलासाठी फक्त पगार हवा आहे.

राहिला पठारावरचा शेतकरी. मध्य प्रदेशात वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीचा मोबदला महसूल खाते राजस्व पुस्तक परिपत्रक ६(४) अन्वये देते. पटवारी येतो, पंचनामा होतो, कागद तहसिलीत जातो, आणि पुढचा हंगाम उभा राहिला तरी कागदाची वाट संपत नाही, ही तक्रार कोणत्याही गावच्या पारावर ऐकावी. देशात लोकसेवा हमीचा कायदा पहिल्याने, २०१० साली, करणाऱ्या याच राज्याला पंचनाम्यासाठी पंधरा दिवसांची आणि रकमेसाठी हंगामाची मुदत पाळता येऊ नये, याचे आश्चर्य वाटते. केंद्र सरकारने २०२५ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांचे नुकसान २०२६ च्या खरिपापासून पुन्हा सामावून घेतल्याचे जाहीर केले, आणि कोणती जनावरे व कोणते भाग त्यात धरायचे हे ठरवण्याचे काम राज्यांकडे सोपवले. त्या यादीत काळवीट, नीलगाय आणि रानडुक्कर ही तिन्ही नावे हवीत, देवास आणि धार हे दोन्ही जिल्हे हवेत, आणि नुकसान झाल्यापासून ७२ तासांत मोबाइलवरून फोटोसह वर्दी देण्याची जी अट आहे, तिच्यासाठी ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्याजवळ तसा मोबाइल नाही त्याच्याकरिता प्रत्येक पंचायतीत एक माणूस नेमलेला हवा. भोपाळच्या सचिवालयाने या तीन गोष्टी कराव्यात, आणि शिकार खुली करण्याचे अर्ज, ते कोणत्याही घराण्याच्या शिक्क्याने आले तरी, फेटाळून दप्तरी दाखल करावेत.